मुलाची चाल

चेतातंतू प्रयोगशाळेतल्या चालायच्या पट्ट्यावर मृण्मयीताई उभ्या होत्या खऱ्या, पण जागच्या हलायला तयार नव्हत्या. वर्षभर उजवं पाऊल उचललंच जात नव्हतं. बोटं जमिनीला घासायची, भिंत धरून चालावं लागायचं. आता गुडघ्याखाली चेतापट्टी बांधली होती, तरी धीर होईना.

"आई, चल की! लहान मुलासारखं काय करतेस?" तन्मय म्हणाला. हा त्यांचा मुलगा. पवनचक्क्यांच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करायचा.

"तुला काय जातंय बोलायला!"

डॉ. गार्गी हसल्या. "ताई, पाऊल उचलणारी चेता गुडघ्याच्या बाहेरून, हाडाला अगदी लागून जाते. कुणाची मणक्यात दाबली जाते, कुणाची मधुमेहानं खराब होते. तुम्ही जन्मभर उकिडवं बसून रांगोळ्या काढल्यात, म्हणून तुमची गुडघ्यापाशी चिमटली असं आम्ही धरलंय. मेंदूचा निरोप पावलापर्यंत पोचत नाही. तो आता पट्टी देईल."

"म्हणजे तन्मयचा निरोप?"

"हो. त्याच्या पायाचा चालठसा आम्ही पट्टीत भरलाय. तो पाऊल टाकतो तस्संच तुमचं पडेल. पट्टी स्वतःची अक्कल चालवत नाही."

मृण्मयीताईंनी डोळे मिटून पाय पुढे टाकला. "अगं बाई! उचललं की!" त्यांना रडूच आलं. तन्मयनं शिट्टी मारली.

पण टाच टेकली की पाऊल पुढून आपटत होतं. फट्. फट्. डॉक्टरांनी दुसरी पट्टी बांधली. तरी तेच. त्यांची नजर तन्मयच्या पायांकडे वळली.

"तन्मय, बूट काढून नुसत्या टाचांवर उभा राहा बरं."

"मी?" तो हसत उभा राहिला. बोटं जेमतेम उचलली, थरथरली आणि खाली आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तळव्यांची उंच कमान, आखडलेली बोटं. पाय अगदी माझ्यावर गेलेत, असं मृण्मयीताई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत आल्या होत्या.

"रांगोळीचा दोष नव्हता," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "चेतांचा हा आजार तुम्हा दोघांनाही आहे, तो आईबापाकडून मुलांत उतरतो. पूर्ण बरा होत नाही, पण लवकर कळला तर पाय सांभाळता येतात. टॉवर मात्र आजपासून बंद."

"मला काही होत नाहीये!" तन्मय उसळला.

"कधीपासून अडखळतोयस?" आईनं विचारलं.

तो खाली वाकून बूट चढवू लागला. मृण्मयीताई त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. माझ्यामुळे, माझ्या लेकराला!

"ताई, तुम्हाला दुसऱ्या कुणाचा निरोगी ठसा भरून देते," डॉक्टर म्हणाल्या. "पाऊल आपटणार नाही. छान चालाल."

"नको," मृण्मयीताईंनी डोळे पुसले. "दर महिन्याला याचाच भरा. याचं दुखणं वाढलं की माझ्या पायाला कळेल. तोंडानं हा कधी सांगायचा नाही."