तंतोतंतची धनुष्यं का मोडत होती?

कडाड्!

धनुष्याचा वरचा तुकडा उडाला, गिरक्या घेत थेट छतापर्यंत उंच गेला आणि मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे अगदी सावकाश खाली येऊन मावशीआजीच्या कढीच्या वाटीत पडला.

"कढीला बांबूची फोडणी पहिल्यांदाच बघतेय," मावशीआजी चष्म्यावरचे शिंतोडे पुसत म्हणाली.

शाल्मलीला हसू आलं नाही. हातात उरलेला अर्धा तुकडा तिनं शाळेच्या कार्यशाळेतल्या कोपऱ्यातल्या ढिगावर आदळला. त्या ढिगात तिची आतापर्यंतची सगळी मेहनत मोडून पडली होती.

शाल्मली राहायची मंगळावरच्या अरुणवाडीत. काचेच्या भल्यामोठ्या घुमटाखाली वसलेल्या या वस्तीत हवा शुद्ध राहावी म्हणून बांबू लावला होता आणि तो इतका माजला होता, की शाळेच्या खिडकीतूनही आत डोकावायचा. आज दुपारी शेजारच्या वस्तीशी धनुर्विद्येची स्पर्धा होती. अट एकच : धनुष्य आपल्याच घुमटातल्या बांबूचं आणि आपल्याच हातचं हवं.

मदतीला होता तंतोतंत. हा यंत्रमानव आधी नळ बनवायच्या कारखान्यात होता. धातू तासण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाळेच्या कार्यशाळेत मात्र तो नुकताच, चाचणीवर आला होता. मुख्याध्यापक भाटवडेकर सरांनी सकाळीच बजावलं होतं, "आजही धनुष्य मोडलं, तर याची रवानगी खाणीवर. तिथे दगड फोडू दे. फोडण्यात त्याचा हात चांगलाच बसलाय."

"शाल्मलीताई, माझ्या मापात केसाइतकीही चूक नव्हती," तंतोतंत म्हणाला. त्याच्या छातीवरचा दिवा मंद झाला होता. "वरच्या खडबडीत गाठी मी सपाट केल्या. हिरवी साल काढून टाकली. आरशासारखं गुळगुळीत धनुष्य! तरी मोडलं. म्हणजे बांबूच खोटारडा आहे."

"मग आता काय करायचं?"

"मी माझं सामान बांधतो. सामान म्हणजे एक तेलाची बाटली आहे."

मोडलेल्या धनुष्यांचा शाल्मलीला राग आला होता, तंतोतंतचा नव्हता. ती मावशीआजीकडे वळली. मावशीआजी पदार्थशास्त्रज्ञ (कुठली वस्तू कशानं बनली आणि ती कशाला टिकते, हे शोधणारी) होती.

"आजी, सांग ना काय चुकतंय!"

"मला काय विचारतेस? मेलेल्यांना विचार." मावशीआजीनं ढिगाकडे बोट दाखवलं आणि कढीतला बांबू काढून तोही तिच्या हातात ठेवला.

शाल्मलीनं सगळे तुकडे जमिनीवर मांडले. बराच वेळ बघितल्यावर ती म्हणाली, "गंमतच आहे. प्रत्येक धनुष्य गाठीपाशीच मोडलंय. आणि चीर दरवेळी बाहेरच्या बाजूनं सुरू झालीय. माझ्याकडच्या बाजूनं कधीच नाही."

"हं. आता ही रबराची जाड पट्टी घे. तिच्या कडेवर पेनानं उभ्या रेघा मार, सारख्या अंतरावर. आणि वाकव."

(तुमच्याकडे जाडजूड खोडरबर असेल, तर तुम्हीही हे करून बघा.)

शाल्मलीनं पट्टी वाकवली. बाहेरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब गेल्या. आतल्या बाजूला त्या दाटीवाटीनं जवळ आल्या. मधोमध मात्र अंतर होतं तसंच राहिलं.

"म्हणजे वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते!"

"बरोबर. बाहेर ताण, आत दाब. मधल्या थराला दोन्ही नाही. त्याला म्हणतात उदासीन थर (ना ताण, ना दाब असलेला थर)."

"त्याची नोकरी चांगली आहे," तंतोतंत पुटपुटला.

"आता सांग, बांबूत ताण सोसणारं कोण असतं?" मावशीआजीनं विचारलं.

शाल्मलीनं एक तुटका तुकडा नखानं सोलला. लांबच लांब धागे निघाले. सालीजवळ ते घट्ट, दाटीनं बसलेले होते. आतल्या बाजूला विरळ. हे तंतू (बारीक, चिवट धागे) लांबीच्या दिशेनं ओढले तर तुटता तुटेनात. पण गाठीपाशी ते सरळ नव्हते. गाठीच्या उंचवट्याबरोबर तेही वर चढून खाली उतरत होते.

ती ताडकन उठली. "तंतोतंत! तू साल काढलीस, म्हणजे सगळ्यात मजबूत तंतूच काढलेस. आणि गाठ सपाट केलीस, तेव्हा वर चढलेले तंतू मधेच कापले गेले. जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथेच धागे तुटके!"

"पण पोलाद कुठूनही कापलं तरी पोलादच असतं," तंतोतंत गोंधळून म्हणाला.

"पोलाद साधारण सगळ्या दिशांनी सारखंच मजबूत असतं," मावशीआजी म्हणाली. "बांबूला दिशा असते. तो तुझ्या मापाप्रमाणे वाढत नाही, तुलाच त्याच्या तंतूंप्रमाणे चालावं लागतं."

घड्याळाकडे बघत दोघांनी नवा बांबू चिरला. या खेपेला बाहेरच्या सालीला हातही लावला नाही, गाठी होत्या तशा ठेवल्या आणि फक्त आतली बाजू तासली. थोडं तासायचं, थोडं वाकवायचं. एखादी जागा जास्त पातळ झाली, तर सगळा बाक तिथेच येतो आणि बिचारीवर सगळा भार पडतो. म्हणून धनुष्याचा वरचा आणि खालचा भाग सारखा वाकतोय ना, हे शाल्मली बघायची आणि तंतोतंत मोजायचा.

"हे फार वेडंवाकडं दिसतंय," तो कण्हत म्हणाला. "ही गाठ तर माझ्याकडे बघून दात काढतेय. एकदाच पुसू का?"

"हात लावशील तर बघ!"

दुपारी मैदानात सगळी अरुणवाडी जमली होती. तो गाठाळ बांबू बघून शेजारच्या वस्तीतली मुलं फिदीफिदी हसली. भाटवडेकर सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी सावधगिरी म्हणून डोक्यावर शिरस्त्राण चढवलं. शाल्मलीनं प्रत्यंचा (धनुष्याची दोरी) ओढली. बांबू कुरकुरला. तंतोतंतनं आपल्या डोळ्यांवरची झापडं मिटून घेतली.

कडाड् झालं नाही. सण्ण् झालं.

बाण सुटला. शाल्मलीनं पृथ्वीवरच्या जुन्या पुस्तकात वाचल्याप्रमाणे नेम जरा वर धरला होता. पण मंगळावर बाण खाली यायला तेवढा उत्सुक नसतो. तो लक्ष्यावरून आरामात गेला आणि पलीकडच्या वाफ्यात, सरांच्या लाडक्या भोपळ्यात जाऊन रुतला.

सर उठले, भोपळ्याकडे गेले, मग धनुष्याकडे आले. त्यांनी वाकून प्रत्येक गाठ निरखून पाहिली. कुठेही चीर नव्हती.

"नेम भयंकर आहे," ते म्हणाले. "धनुष्य झकास आहे. तंतोतंत, खाणीवाल्यांना कळवतो, तू येत नाहीस म्हणून."

स्पर्धा अर्थातच शेजारच्या वस्तीनं जिंकली. पण संध्याकाळी त्यांचीच मुलं बांबू घेऊन कार्यशाळेच्या दारात उभी राहिली. त्यांची धनुष्यं जिंकता जिंकता मोडली होती. तंतोतंत त्यांना तंतू दाखवत होता, रबराची पट्टी वाकवत होता आणि मधल्या थराचं भरभरून कौतुक करत होता.

शाल्मली मात्र खिडकीतून आत आलेल्या बांबूकडे बघत होती. एवढासा बांबू इतका ताण सोसतो, तर त्याचा पूल झाला तर? लाल दरीवरून पलीकडे जाणारा?

"आजी," तिनं विचारलं, "पूल वाकतो तेव्हा त्याची कुठली बाजू ताणली जाते गं?"

मावशीआजीनं रबराची दुसरी पट्टी तिच्या हातात ठेवली.