डबीत झोपलेले जिवाणू

"जिवंत जिवाणू शून्य," मोजू म्हणाला.

मोजू हा प्रयोगशाळेतला यंत्रमानव. सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि मोजायचं, एवढंच त्याचं काम. आकडा कसलाही असो, त्याचा आवाज बदलत नसे.

"परत मोज," डॉ. सकीना तांबोळी म्हणाल्या.

"तीनदा मोजलं. शून्य."

शेजारी बसलेल्या बारा वर्षांच्या शाल्मलीने मलमाची डबी जवळ ओढली. सोमवारी याच मलमाच्या थेंबात लाखो जिवाणू (एकाच पेशीचे, डोळ्यांना न दिसणारे जीव) होते. आज गुरुवार. मधल्या काळात डबीचं झाकणही कोणी उघडलं नव्हतं. मग ते मेले कशाने?

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळावरच्या या वसाहतीत चाळीस माणसं राहत होती. शाल्मलीचं कुटुंब महिन्यापूर्वीच इथे आलं होतं. वर वादळ घोंघावत होतं. पाणबुडी बारा दिवस येऊ शकणार नव्हती. आणि तिच्या तीन वर्षांच्या भावाच्या, हृषीच्या, मानेवरचे लाल चट्टे आता गालावर चढले होते. तो झोपेतही खाजवत होता. औषधाला ते दाद देत नव्हते. डोळ्यांपर्यंत पोचले तर काय होईल, हे शाल्मलीने विचारलं नव्हतं. विचारायची तिला भीती वाटत होती.

चट्टे का आले, हे डॉ. सकीनांनी आधीच शोधलं होतं. शाल्मली त्यांना मावशी म्हणायची. आपल्या त्वचेवर कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांतले बरेचसे चांगले शेजारी असतात. जागा अडवून, स्वतःची रसायनं सोडून ते उपद्रवी जिवाणूंना थारा देत नाहीत. वसाहतीतल्या जहाल साबणाने हे शेजारीच धुऊन काढले होते. रिकाम्या जागेत उपद्रव्यांनी बस्तान बसवलं. म्हणून मावशींनी पहिल्याच आठवड्यात शाल्मलीच्या कोपरावरून कापसाने चांगले जिवाणू टिपून घेतले होते आणि ते मलमातून हृषीच्या त्वचेवर पोचवायचं ठरवलं होतं. आता त्याच साबणामुळे शाल्मलीच्या कोपरावरही ते उरले नव्हते. उरली होती टिपून घेतलेल्यांची एक कुपी.

"मलमात परिरक्षक (वस्तू नासू नये म्हणून घालतात ते द्रव्य) घातलं होतं का?" शाल्मलीने विचारलं.

"पहिल्या डबीत होतं. ते सगळ्याच जिवाणूंना मारतं, आपल्या चांगल्या जिवाणूंनाही. म्हणून दुसऱ्या डबीत घातलं नाही, तर तिच्यात बुरशी आली. ही तिसरी. बुरशी नाही, पण हेही मेले." मावशींनी डोळे चोळले. "मलमात पाणी असतं. पाणी मिळालं की ते जागे होतात, खातात, वाढतात. खाणं संपलं की उपाशी मरतात, नाहीतर स्वतःच्याच आम्लात. तू जा, जेवून घे."

शाल्मली स्वयंपाकघरात गेली. आई मटकी भिजत घालत होती.

"ही मटकी कधीची गं?"

"आपण आलो तेव्हाची. का?"

"डब्यात मोड नाही आले?"

"कोरड्या डब्यात कसे येतील?"

शाल्मली जेवण तसंच टाकून पळाली. "मावशी, त्यांना पाणीच दिलं नाही तर? कोरडे करून झोपवून ठेवले तर?"

मावशींनी कपाटातून शेवटची कुपी काढली. "शीतशुष्कन (गोठवून, हवा काढून घेऊन, बर्फाची थेट वाफ करून टाकणं) करता येईल. दुधातली साखर मिसळली तर पेशी फुटणार नाहीत. पण सगळे वाचणार नाहीत, शाल्मली. आणि हे गेले तर दुसरे नाहीत."

"नाही केलं तर?"

"परवापर्यंत कुपीतलेही मरतील."

यंत्र रात्रंदिवस घरघरत राहिलं. कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी उरली. मावशींनी ती खोबरेल तेलात कालवली. या मलमात पाण्याचा थेंब नव्हता, त्यामुळे बुरशीलाही वाढता येणार नव्हतं.

"लावूया आता," शाल्मली म्हणाली.

"तीन दिवस थांबायचं. आधीचे तिसऱ्या दिवशीच मेले होते."

"त्याचा डोळा सुजायला लागलाय, मावशी."

"दिसतंय मला. पण जे मी मोजलं नाही, ते त्याला लावणार नाही." शाल्मलीला राग आला, आणि तो गिळून ती हृषीचे हात धरून बसली. तो खाजवू नये म्हणून तीन दिवस ती आणि बाबा आळीपाळीने बसले.

तिसऱ्या दिवशी मावशींनी मलमाचा कण घामासारख्या खारट पाण्यात घातला. तो ऊबदार पेटीत ठेवून काही तासांनी मोजूपुढे सरकवला. मोजू बराच वेळ मोजत राहिला.

"जिवंत जिवाणू चार लाख. वाढत आहेत."

शाल्मलीचे डोळे भरून आले. मावशींनी मलम आधी स्वतःच्या हाताला लावलं, एक दिवस वाट पाहिली, आणि मग हृषीच्या मानेला आणि गालाला लावलं. डोळ्याजवळ मात्र लावलं नाही. पहिल्या दिवशी काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चट्ट्यांची कड जिथल्या तिथे थांबली. पाचव्या दिवशी डोळ्याची सूज उतरली आणि हृषी दुपारभर न खाजवता झोपला. बाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले.

वसाहतीने तो साबण बंद केला. मावशींनी सगळी रीत वर जमिनीवर कळवली. चट्ट्यांनी रडणारी बाळं तिथेही होती. पुढे कधी चंद्रावर जाणारी माणसं आपले शेजारी असेच झोपवून बरोबर नेतील, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी शाल्मलीला डबीवर सूचना लिहायला सांगितली.

तिने लिहिलं, 'ओलं बोट बुडवू नये. आत सगळे झोपले आहेत.'

हृषीने ते तिच्याकडून वाचून घेतलं. "ते कधी उठणार?"

"तुझ्या गालावर गेले की," शाल्मली म्हणाली.