तिच्या नावाची घागर

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे माझ्यासोबत घडलंय. भर दुपारी, अमरावतीच्या परकोटात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या वस्तीत, गेल्या अक्षय तृतीयेला.

भुसारी गेटजवळच्या दीडशे वर्षं जुन्या घरातली माडीवरची खोली मला प्राजक्तानं मिळवून दिली. आम्ही दोघी राजापेठेत एकाच क्लासमध्ये शिकवायचो. आधी तीच तिथं राहायची. हातभर जाड भिंती, सागवानी जिना, उन्हाळ्यातही कुलर नको. एवढी छान खोली ती का सोडतेय, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मैत्रीण होती ना.

अक्षय तृतीयेला ती पुरणपोळीचा डबा आणि मातीची घागर घेऊन आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी जेवू घालतात.

"माह्या मावशीच्या नावानं जेवशीन? तुह्यावाचून मले कोण हाय इथं?"

मी पाटावर बसले. तिनं मला कुंकू लावलं, घागर भरली, पुटपुटत कुणाचं तरी नाव घेतलं. खिडकीत कावळ्यासाठी घास ठेवला.

कावळा आला नाही.

मी जेवत होते आणि प्राजक्ता माझ्याकडे बघतच नव्हती... ती जिन्याकडे बघत होती.

हात धुवून आले तर ती निघून गेली होती. चपला तिथंच टाकून.

मग आवाज आला...

घट. घट. घट.

तहानलेलं माणूस पाणी पितं तसा.

खोलीत मी एकटी. घागर अर्धी झालेली... खाली फरशी कोरडी.

मी धावत खाली घरमालकीण बेबीताईंकडे गेले. प्राजक्ताच्या मावशीच्या घागरीचं सांगू लागले. त्यांचा सुपारी कातरणारा हात थांबला.

"तिची मावशी तं जिती हाय. त्या खोलीत रुख्मिणी गेली, जुनी भाडेकरीण. पाणी मांगत मांगत. प्राजक्ताच्या मागं लागली होती थे. मीच म्हटलं, कोणाले तिच्या नावानं जेवू घाल, सुटशीन."

मी विचारलं, आणि जेवणारीचं काय?

बेबीताई पुन्हा सुपारी कातरू लागल्या.

आता मी अकोल्यात, बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहते. सकाळी माठ काठोकाठ भरते. दुपारी तो आवाज येतो... आणि माठ अर्धा होतो. झाकण लावणं मी सोडून दिलंय.

प्राजक्तानं माझा नंबर ब्लॉक केलाय. मला रुख्मिणीचा राग येत नाही, भीती वाटते. पण तिला बोलावलं होतं, ती आली. रोज येते.

जिला मी मैत्रीण म्हणायचे, ती स्वतःच्या चपला न्यायलाही आली नाही.