पाइपमधला आडोसा

आमचं काम तसं कंटाळवाणं. वायूच्या जाडजूड पाइपला बाहेरून सेन्सरचा पट्टा आवळायचा, सोनोग्राफीसारखा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी आरपार सोडायचा आणि आतला वायू कसा वाहतो ते पडद्यावर बघायचं. मधे वेग जास्त, तिथे लाल रंग. कडेला मंद, तिथे निळा. माझा दादा त्याच कारखान्यात फिटर. येता-जाता विचारायचा, "काय डॉक्टरीणबाई, पाइपला दिवस गेलेत का?"

त्या सकाळी भट्टीकडे जाणाऱ्या पाइपमध्ये लाल रंगाच्या ऐन मधोमध निळा डाग दिसला. वायू काहीतरी टाळून वाहत होता. मी पट्टा थोडाथोडा पुढे सरकवत गेले. डाग आधी डोक्याएवढा, मग खांद्यांएवढा रुंद. पुढे निमुळता होत त्याचे दोन झाले. मी शिफ्टच्या साहेबांना हाक मारली.

"साहेब, आत कुणीतरी पडलंय."

"मशीन बिघडलं असेल."

पट्टा सोडून पुन्हा बांधला. तेच दिसलं.

वायू बंद झाला, आत हवा खेळवली, झाकण उघडलं. शिरू शकेल इतका सडपातळ एकटा दादाच. त्याने जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

"अगं, रिकामा पाइप काय खातोय मला?" म्हणत तो कमरेला दोर बांधून सरपटत आत गेला.

मी दोर धरून बसले. मधेच तो ढिला पडला. ओढला, तर नुसताच हातात आला. मी जिवाच्या आकांताने हाका मारल्या. बऱ्याच वेळाने दादा बाहेर आला. कपड्यांना गंजाचा कणही नव्हता.

"आत काही नाही," एवढंच बोलला.

झाकण लावलं. वायू सुरू झाला.

पडद्यावर आता दोन माणसं होती. शेजारी शेजारी.

"बंद करा!" मी ओरडले. "दादा आत आहे माझा!"

"अहो, वेड लागलं का? तो काय उभाय तुमच्यासमोर."

मी वर पाहिलं. दादा खरंच समोर होता, हात लावता येईल इतका जवळ. त्याच्या पाठीमागे भिंतीवरचा मोठा पंखा आमच्याकडे तोंड करून भरधाव फिरत होता.

"चल ना घरी," तो म्हणाला.

माझे केस डोळ्यांवर उडत राहिले. दादा मधे उभा होता, तरी वारा कुठेच अडत नव्हता.