अस्तरातला कप्पा

“ताई, उद्या कोर्टात तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की तो कप्पा तुम्ही तुमच्या मनाने शिवला,” धाकटी जाऊ म्हणाली आणि मशीनवर पसरलेलं कापड तिने हाताने बाजूला सारलं. “एवढं तरी आठवतंय ना?”

वहिनींच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढून उशीला टोचल्या, आणि टोचण्यासारखी एकही टाचणी उरली नाही तेव्हा हळूच म्हणाल्या, “आठवत नाही गं.”

“आठवत नाही? सगळ्या गल्लीच्या कमरेची मापं तुम्हाला तोंडपाठ, आणि घरातल्या माणसाच्या पिशवीचं आठवत नाही? ह्यांना आत टाकायला निघालेत, ताई. आणि पुरावा काय, तर तुमची शिवण.”

जाऊ आत निघून गेली. वहिनींनी बाजूला सारलेलं कापड पुन्हा मशीनवर ओढलं. तिचं काय चुकलं होतं? पण मग आपलं तरी काय चुकलं होतं? डोक्यात नुसता गुंता झाला होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे गुंते सोडवणाऱ्या या बाईला स्वतःच्या गुंत्याचं टोक काही सापडत नव्हतं.

भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, एवढंच त्यांचं काम. खुर्ची काही मोठी नव्हती, पण तिच्यावर बसणारा माणूस वहिनींना राजासारखा वाटे. बेकरीवाल्याने तक्रार केली की तराजू चोख असूनही हे साहेब पाकीट घेतल्याशिवाय शिक्का मारत नाहीत. लाचलुचपत खात्याची माणसं दबा धरून बसली, आणि खुणा केलेल्या नोटांचं पाकीट भाऊजींच्या डब्याच्या पिशवीत सापडलं. तेही वर नाही, डब्याखाली नाही, तर अस्तराच्या आतल्या चोरकप्प्यात.

आणि ती पिशवी वहिनींनी शिवली होती.

चोरकप्पा ही वहिनींची जुनी खोड. पिशवी असो, कोट असो, उशीचा अभ्रा का असेना, आतल्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा एक कप्पा त्या शिवणारच. किल्ली ठेवा, बसचा पास ठेवा, नाहीतर रिकामा ठेवा! गिऱ्हाइकं चेष्टा करायची आणि दुसऱ्या महिन्यात त्याच कप्प्यापायी हरवलेली किल्ली सापडल्याचं सांगत यायची. खुद्द बेकरीवाल्याकडेही वहिनींच्याच हातची पिशवी होती. आपल्या वकिलाने तर हेच हेरलं होतं. कप्प्याची गोष्ट बेकरीवाल्यालाही ठाऊक होती, तेव्हा भाऊजी तराजू तपासत असताना त्यानेच पाकीट आत सरकवलं असणार. फक्त वहिनींनी सांगायला हवं, की हा कप्पा इतर सगळ्या कप्प्यांसारखाच, कुणी न सांगता शिवलेला.

सांगायला काय हरकत होती? तसंच असणार की. पण मनात कुठेतरी काहीतरी रुतत होतं... आणि काय, ते कळत नव्हतं.

याच मशीनशी त्यांचं सगळं आयुष्य बांधलेलं होतं. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला. भाऊ न्यायला आला, चांगलं दुसरं स्थळही बघून आला होता. वहिनींनी बॅग भरली, आणि पाहतात तर शाळकरी दीर मशीनच्या पायडलवर बसून राहिलेला, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. वहिनींनी त्याचे हात चाकावरून सोडवले आणि बॅग रिकामी केली. त्यानंतर किती पँटी आखूड केल्या आणि किती चेनी बसवल्या, याची मोजदाद त्यांनी कधी ठेवली नाही. लोकांसमोर त्या त्याला भाऊजी म्हणत, घरात मात्र तो ‘तू’च राहिला.

तो ‘तू’ आता दोन महिने त्यांच्याशी नीट बोलत नव्हता. “वहिनी, काळजी करू नकोस,” एवढंच म्हणायचा, आणि म्हणताना भिंतीकडे बघायचा. तो निर्दोष असेल तर नजर का चुकवतो? आणि नसेल तर... त्या ‘तर’पुढे वहिनींचं मन जायला तयारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाची खोली फिनेलच्या वासाने भरली होती. वहिनी साक्षीला उभ्या राहिल्या. आपल्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, त्यांनी उत्तरं दिली. हो, सगळ्यांनाच कप्पा शिवते. हो, बेकरीवाल्यालाही शिवला. मागच्या बाकावर धाकट्या जावेने सुटकेचा श्वास सोडला.

मग सरकारी वकीलबाई उठल्या. वहिनींना मुलगी शोभावी अशा वयाच्या, कोटाची उजवी बाही अर्धा इंच लांब. वहिनींच्या नजरेला ते आधी दिसलं, त्याला इलाज नव्हता.

“ही बेकरीवाल्यांची पिशवी. यातल्या कप्प्यात हे पाकीट घालून दाखवा.”

वहिनींनी घालून पाहिलं. पाकीट अर्ध्याच्या वर आत जाईना.

“आता ही आरोपींची.”

पाकीट अलगद आत गेलं आणि दिसेनासं झालं.

“सगळ्यांना सारखाच कप्पा शिवता म्हणालात ना? मग हा मोठा का?”

वहिनींनी पिशवी उलटी केली आणि अस्तरावरून बोटं फिरवली. डोळ्यांना आठवत नव्हतं ते बोटांना आठवलं. नव्या शिवणीच्या आत बोटभर अंतरावर सुईच्या बारीक भोकांची एक जुनी रांग होती. कप्पा आधी पंजाएवढाच होता. तो उसवला होता आणि वाढवून पुन्हा शिवला होता!

आणि मग सगळं लख्ख दिसलं. दुपारची वेळ, मशीनवर कुणाचं तरी जाकीट, आणि दारात उभा असलेला तो. “वहिनी, हा कप्पा जरा मोठा करून दे ना. चष्म्याचं घर मावत नाही.” वहिनींनी मान वर न करताच विचारलं होतं, “किती मोठा?” त्याने हाताने दाखवलं, त्यांनी टेप लावली आणि शिवून दिला. त्याचा चष्मा तर सकाळपासून झोपेपर्यंत नाकावरच असायचा. चष्म्याचं घर त्याच्याकडे नव्हतंच. पण वहिनींच्या धंद्याचा एक नियम होता, आणि तो त्यांनी तीस वर्षं पाळला होता. गिऱ्हाइकाला किती हवं ते विचारायचं, कशाला हवं ते विचारायचं नाही.

बोटं त्या भोकांवर थांबली. समोर आरोपीच्या जागेवर उभ्या असलेल्या भाऊजींनी ती थांबलेली बोटं पाहिली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी नजर चुकवली नाही.

“सांगा ना. मोठा करायला कुणी सांगितलं?” सरकारी वकीलबाईंनी विचारलं.

मशीनचं चाक धरून बसलेला तो पोरगा वहिनींच्या डोळ्यांपुढे आला, जावेचा रडवेला चेहरा आला, आणि त्याबरोबर चोख तराजू असूनही शिक्क्यासाठी ताटकळणारा बेकरीवालाही आला. खरं बोलावं तर ज्याच्यासाठी जन्म घालवला त्यालाच आपल्या हाताने तुरुंगात ढकलायचं... आणि खोटं बोलावं तर ज्या हाताने त्याला वाढवलं तो हातच खोटा ठरायचा. कुठलं माणूस आपलं, कुठलं परकं, काही कळेनासं झालं. तरी ओठ हलले.

“मी... माझ्याच मनाने...”

“वहिनी, थांब.”

भाऊजी पुढे झाले होते. त्यांचा वकील बाही ओढत होता, ती त्यांनी सोडवून घेतली. “साहेब, तिला काही विचारू नका. कप्पा मी मोठा करून घेतला. पाकीटही मीच घेतलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने मला कधी काही विचारलंच नाही.”

मागच्या बाकावरून एक हुंदका ऐकू आला. न्यायाधीश लिहू लागले.

जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या लांब बाकावर तिघं बसली, शेजारी पोलीस उभा.

“कशाला रे?” वहिनींनी विचारलं. “काय कमी होतं आपल्याला?”

“काही नाही गं. माझ्यासाठी म्हण, हिच्यासाठी म्हण, तुझ्यासाठी म्हण... तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यांदा कुणीतरी आपणहून टेबलावर ठेवलं. नको म्हणालो तर तो घाबरला. दुसऱ्या वेळी मी नको म्हणालो नाही. पुढे पुढे वाट बघायला लागलो, आणि बेकरीवाल्याकडे तोंडाने मागितलं. यातलं नेमकं कधी चुकलं, ते अजून मलाच कळत नाही.” त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. “पण मघाशी तू खोटं बोलायला तोंड उघडलंस ना, तेव्हा मात्र काय झालंय ते कळलं.”

धाकटी जाऊ उठली आणि वहिनींच्या पायांशी बसून राहिली. “ताई, मी तुम्हाला नको नको ते बोलले.”

“नवऱ्यासाठी बोललीस. ऊठ, फरशी थंड आहे.”

शिक्षा झाली ती वर्षाची. नेण्याआधी कपड्यांची एक पिशवी देता येईल असं सांगितलं गेलं, तेव्हा वहिनींनी जाड निळं कापड काढलं. जाऊ शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. अस्तर लावताना वहिनींचा हात कोपऱ्याशी आला, जरासा थबकला आणि सरळ शिवण घालत पुढे गेला.

पोलिसाने ती पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि भाऊजींच्या हातात दिली. त्यांचा हात सवयीने आतल्या कोपऱ्यात गेला. इकडे चाचपडला, तिकडे चाचपडला, आणि रिकाम्या अस्तरावर तसाच टेकून राहिला.

“कप्पा नाही केलास?”

“नाही केला.”

“परत आल्यावर लागला तर शिवून देशील?”

वहिनींच्या डोळ्यांतून इतका वेळ अडवलेलं पाणी घळाघळा वाहू लागलं. त्यांनी पदराने ते पुसलं नाही. मशीनच्या चाकावरून एकदा सोडवला होता, तसा त्याचा हात त्यांनी पिशवीतून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

“देईन की,” त्या म्हणाल्या. “पण या वेळी कशाला हवाय, ते आधी विचारीन.”