डाव्या कानातली बाळी

माझी ओढणी त्याच्या बाळ्यांत अडकली आणि मी आपली ताडताड चालतेच आहे! मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, मन्हं दुकान कोठे लई चालनी?"

वळून बघते तर काय... दोरीला लटकवलेल्या चांदीच्या बाळ्या माझ्यामागे मिरच्यांच्या ढिगावरून फरफटत येतायत, आणि त्यांच्यामागे एक उंच, सडपातळ तरुण शिंकत शिंकत धावतोय. अडतीस साल, तळोद्याचा भर बाजार. सगळे खो खो हसायला लागले. दुसरी असती तर लाजून चूर झाली असती. मी ओढणीचं फाटकं टोक त्याच्या नाकासमोर धरलं.

"बाळीना आकडा घासला नही का? कापड फाडस, तो कान काय सोडी?"

"कापडनं काय सांगता येत नही," तो म्हणाला. मग माझ्या कानाकडे बघत, जरा थांबून— "पन असा कानले तो बिलकुल त्रास देवाव नही."

आगाऊ मेला! नाव अनीस, गाव खांडबारा. स्वतः घडवलेल्या बाळ्या घेऊन नजीरमियांचं दागिन्यांचं दुकान शोधत आला होता. मी म्हटलं, "चाल मन्हा मांगे." नजीरमिया माझेच अब्बा, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. दुकानात अब्बांनी "हाजरा, बेटी" अशी हाक मारली, तेव्हा गड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अब्बांचा एक नियम होता. बाहेरच्या कारागिराची बाळी विकायची, तर आधी घरातल्या बाईनं ती आठ दिवस घालायची. एकच, डाव्या कानात. उजव्या कानात रोजचीच, म्हणजे फरक कळतो. अम्मी गेल्यापासून हे काम माझ्याकडे आलेलं. आमच्याकडून घेणाऱ्या बहुतेक बाया सातपुड्यातल्या. तिथं कान पिकला तर कुठला दवाखाना आणि कुठलं काय!

"पास झाल्या तर इथंच राहा, माझ्याशेजारी बसून काम कर," अब्बा अनीसला म्हणाले. "नापास झाल्या तर परत खांडबारा."

मी बाळी घालतच होते, तेवढ्यात पहाडातली दिवलीबाई दुकानात शिरली. तिला बाळी बघताक्षणी आवडली. "मन्ही पोरनं लगीन शे. तिले नि करवल्यास्ले अकरा जोड्या कर. पुढला बाजारले लई जासू."

झालं! दुसऱ्या दिवसापासून अनीस रोज सकाळी हजर. कशाला? तर कान बघायला.

"आज कसा शे?"

"कोन? कान का मी?"

"कान..." मग हळूच— "तू बी."

"दोन्ही ठीक. आनि इतलं जवळ येवानं काम नही, कान दूरथीन बी दिसस."

"मन्ही नजर कमजोर शे."

"मंग बाळ्या कश्या बनावस?"

तो नुसता हसायचा. हसला की त्याचे डोळे बारीक व्हायचे, आणि माझं काय व्हायचं ते विचारू नका. गावाला तर विषयच मिळाला. पाण्याला गेले की शेजारची फरजाना चिमटा काढायची, "एक कानमा त्यानी घालनी, दुसरा कानमा कधी घालशी?" मी म्हणायची, "तुले काय करनं? तू घागर भर."

सहाव्या दिवशी कान खाजायला लागला. दुपारपर्यंत लाल झाला, सातव्या दिवशी सकाळी मिरचीसारखा रसरसला. उजवा कान मात्र ठणठणीत.

खरं सांगते, त्या सकाळी मी ओढणी घट्ट ओढून घेतली. "ठीक शे" एवढं म्हटलं की अनीस तळोद्यात राहणार होता. आणि मला तो हवा होता. इतका, की तव्यावर भाकर करपायची आणि मला वासही यायचा नाही. पण डोळ्यांसमोर सारखी दिवलीबाईची पोर यायची... हळद लागलेली, आणि दोन्ही कान पिकलेले.

तो आला. "आज कसा शे?"

मी ओढणी बाजूला केली.

त्याचा चेहरा पडला. मग पुरुषी तोरा आलाच. "तुन्हा कानच नाजूक शे. मन्ही चांदी खरी शे."

"चांदी खरी शे. आकडा कसाना शे?"

 तो पुटपुटला, "जर्मन चांदीना. चांदीना आकडा वाकी जास, म्हनीसन..."

जर्मन चांदी! नावाची चांदी, आत चांदी औषधालाही नाही.

"अरे, चांदीनी तार शेवटे थंडीच ओढ, परत तापाडू नको. कडक व्हस ती. आनि टोक घासीसन गोल कर. तुले कोनी शिकाडं नही का?"

"शिकाडनारी आते भेटनी."

बघा, अशा वेळीसुद्धा! मला रागही आला आणि हसूही.

"अब्बाले तू सांग," मी म्हटलं.

"आनि नही सांगं त?"

"त मी सांगसू. आनि मंग तुन्हासंगे कधी बोलाव नही."

बाजाराचा दिवस उजाडला. दिवलीबाई येऊन बसली. अनीसनं आठवडाभरात घडवलेल्या अकरा जोड्या अब्बांनी तिच्यापुढे ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं. "हाजरा, कान?"

मी तोंड उघडायच्या आत अनीसनं कातर उचलली. कट, कट, कट... एकेक आकडा तोडत गेला. बावीसच्या बावीस.

"आई, आकडा वाईट शे. मन्हीच चूक शे. तुन्ही पोरना कान पिकी जातात."

दिवलीबाईनं तुटलेला एक आकडा उचलून बघितला. मग म्हणाली, "लगीन होळीनंतर शे. चांगला आकडा लाव. मी परत येसू."

पण अब्बा म्हणजे अब्बा. "माल नापास. जा बेटा, खांडबाऱ्याला जा."

 अनीसनं हत्यारं फडक्यात बांधली, सलाम केला. माझ्याकडे एकदाच बघितलं... आणि तो उंबऱ्यापर्यंत पोचलासुद्धा.

"अब्बा!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "माल नापास, माले मान्य शे. पन आठ दिन मी काय फक्त बाळीच देखी ऱ्हायनी व्हतू? मानूस पास शे. माले तो आवडस. लगीन करसू त त्यानासंगेच."

 दिवलीबाईनं तोंडाला पदर लावला. मी मान खाली घातली नाही. कशाला घालू? चोरी थोडीच केली होती?

अब्बांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या तोडलेल्या आकड्यांकडे, मग उंबऱ्यात खिळलेल्या अनीसकडे.

"हुभा काय ऱ्हायना?" ते खेकसले. "नवा बावीस आकडा कोन घाशी? मी?"

अनीस धावत येऊन बसला. घाईघाईत ओढली, तशी हत्यारांच्या फडक्याची गाठ आणखीच घट्ट बसली. शेवटी मीच त्याच्याशेजारी बसले आणि सोडली.