पश्चिमेकडं तोंड

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रविकांत सर लातूरहून एसटीनं मुखेडला उतरले. एका हातात चुन्याची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. सणाआधी आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावायचा, ही तिथल्या ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत. काम फार मोठं नव्हतं. सावकाश उरकून संध्याकाळी मंडळीतल्या शांतम्माच्या घरी मुक्काम करायचा, पहाटेची उपासना करायची आणि परत फिरायचं, असा सरांचा बेत होता.

कबर थोरल्या बहिणीची. नर्स होती, म्हणून गाव तिला सरोजिनी सिस्टर म्हणे. सरांची ती अक्का. नाताळच्या तोंडावर ती गेली, तेव्हा सर स्वतःच लातूरच्या दवाखान्यात छातीला नळ्या लावून पडले होते. मातीला येणं झालं नव्हतं.

दफनभूमी गावाबाहेर माळावर. चहूबाजूंनी दगडी गडगा, मधे दोन-चार कडुलिंब, आणि सगळ्या कबरी एकाच दिशेनं. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येईल, आणि मेलेली माणसं उठून बसतील ती थेट त्याच्यासमोर. सरांनी उभं आयुष्य भूगोल शिकवला, डॉक्टरेट मिळवली. पण लहानपणी ऐकलेल्या या एका गोष्टीचा आधार त्यांना अजून वाटे.

अक्काची कबर पश्चिमेच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब होती. सरांनी चुना कालवला, कुंचला बुडवला, आणि हात तसाच राहिला. क्रूस डोक्याशी रोवतात. इथं तो पूर्वेच्या टोकाला होता.

आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्यांना वाटलं. तसं त्यांना नेहमीच वाटे. त्यांनी कललेला सूर्य पाहिला, स्वतःची सावली पाहिली, मग पुन्हा क्रूस पाहिला.

शेजारच्या ओळीत शांतम्मा नवऱ्याच्या कबरीवरचं गवत उपटत होती.

"शांतम्मा, अक्का अशी उलटी कशी?"

"तुमाला कुणी सांगितलं न्हाई व्हय, सर?" तिनं मान वर केली नाही. "मंडळीच्या कमिटीनं ठरवलं. सिस्टरनं देवाकडं पाठ फिरवली, तर तिला तशीच निजवा म्हने. उठंल तवाबी देवाकडं पाठच."

सरांना सगळं आठवलं. भूकंपाच्या साली अक्का औशाकडच्या गावांत जाऊन राहिली होती. ढिगाऱ्यांखालून निघालेली लेकरं तिनं पुसली, शिवली, आणि पुष्कळशी नुसतीच झाकली. परत आली त्या रविवारी तेव्हाचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वेदीवरून म्हणाले, की हा देवाचा न्याय होता. अक्का भर उपासनेत उठली. "हा न्याय असेल तर मला मान्य नाही. तो येईल तेव्हा त्याच्या तोंडावर सांगीन," म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. ती पुन्हा आत आली नाही. मंडळीतल्या निम्म्या पोरांच्या नाळा मात्र तिनंच कापल्या.

"सलाम, सर! तब्येत काय म्हनती?"

बापूसाहेब गडग्याच्या फाटकातून आत आले. कमिटीचे अध्यक्ष, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी.

"बापूसाहेब, अक्काला फिरवा."

"माती एकदाच असती, सर."

"तुमच्या दोन्ही नातवंडांना तिनं जगात आणलं."

"म्हनून तर हितं जागा दिली. न्हाईतर तीबी नसती."

सरांचा आवाज कापू लागला, पण थांबला नाही. "इथून यरुशलेम कुठल्या दिशेला आहे, सांगा बरं? पश्चिमेला! साहेब लोक विलायतेतून आले, त्यांच्या गावाहून ते पूर्वेला होतं. आपण त्यांची दिशा उचलली. प्रभू तिथल्या जैतुनाच्या डोंगरावर उतरणार असेल, तर पाठ आपल्या सगळ्यांची आहे. तोंड एकट्या अक्काचं."

बापूसाहेब हसले. "तुमी पडले भूगोलाचे. शास्त्रात लिवलंय, प्रभू विजेसारखा येनार, आन् वीज पूर्वेकडूनच निघती." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्या उपासनेत तमाशा करू नका. छातीचं दुखनं हाय तुमचं... तुमालाबी हितंच यायचं हाय. कसं निजवायचं ते कमिटी ठरवती."

कुंचल्यातून चुना सरांच्या चपलेवर ठिबकत होता.

"मला अक्काच्या शेजारी निजवा," ते म्हणाले. "तिच्यासारखंच."

म्हणून गेले, आणि कुंचला कबरीवर फिरवू लागले.

उन्हं उतरेपर्यंत शांतम्मानं लावलेला चुना पांढराफटक वाळला. अक्काचा दिवेलागणीलाही ओलाच होता. सरांनी बोट लावलं. कोमट. बोट नाकाशी नेलं तर वास चुन्याचा नव्हता. स्पिरिटचा होता, सुई टोचण्याआधी अक्का दंडावर ओला कापूस फिरवी, तेव्हा यायचा तो.

पहाटेच्या उपासनेची रीत अशी, की सगळ्यांनी कबरींमध्ये पूर्वेकडं तोंड करून उभं राहायचं. बत्त्या, मोबाइल सगळं विझवायचं, आणि गात गात उजेडाची वाट पाहायची. त्या पहाटेही अंधारात माणसं ओळीनं उभी राहिली. पाळक दयानंदांनी गाणं सुरू केलं. सर सगळ्यांच्या मागून, काठी टेकत, कबरींना वळसा घालून कोपऱ्यात गेले. अक्काच्या पायथ्याशी, तिच्याकडं पाठ करून, पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले.

समोर नुसता काळा माळ. चूक अक्काची असेल तर? दिशा माझी चुकली असेल तर? भूगोल काय, यरुशलेमपर्यंत. त्यापुढचं कुणी मोजलंय? पण पाय त्यांनी हलवले नाहीत. डोळे मिटले आणि मनात म्हणाले, 'तू दयाळू आहेस, असं मला शिकवलंय. तसा असशील तर इकडून ये. नसशील तर माझीही पाठच बघ.'

कडुलिंबातली पाखरं एकदम गप्प झाली. वारा पडला. स्पिरिटचा वास आला, इतका जवळून, की दंडावर गारवा जाणवला. मग मिटलेल्या पापण्या आतून तांबड्या झाल्या. चेहऱ्याला ऊब लागली.

उजेड समोरून येत होता. पश्चिमेकडून.

मागचं गाणं एकेका आवाजानं तुटत गेलं. शेवटी एकटी शांतम्मा उरली, तीही थांबली.

"पाळकसाहेब..." ती पुटपुटली. "सावल्या... सावल्या म्होरं पडल्यात..."

इतका हट्ट धरून इकडं तोंड केलेल्या सरांनाही त्या उजेडात डोळे उघडायचा धीर झाला नाही. ते आधी मागं वळले आणि मग त्यांनी डोळे उघडले.

सगळी माणसं अजून पूर्वेकडं तोंड करून होती. सूर्य उगवायचा होता, आणि प्रत्येकाच्या पायापासून एक लांब काळी सावली पूर्वेकडं गेली होती. शांतम्माची वाकलेली. पाळकांची, हातात पुस्तक धरलेली. कुणीही मागं बघत नव्हतं. पहिल्या ओळीत बापूसाहेब खाली मान घालून आपल्या पायांपुढची जमीन न्याहाळत होते. तिथं सावली नव्हती, नुसता उजेड होता.

कुणीतरी वात खाली करावी, तसा तो उजेड हळूहळू गेला.

मग पूर्वेला रोजचा सूर्य वर आला. 'प्रभू उठला आहे' असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. माणसांनी चपला घातल्या, पोरांना उचललं आणि गावाची वाट धरली. बापूसाहेब तेवढे राहिले. कबरींचा आधार घेत ते कोपऱ्यापर्यंत आले.

"सर... तुमी बघितलं?"

"बघितलं."

"समद्यांची सावली हुती."

"हो."

"शांतम्माची हुती. लेकरांचीबी..." त्यांनी पुन्हा आपल्या पायांकडं पाहिलं. "माझी..."

सरांच्या जिभेवर शब्द तयार होते: आता कळलं? ते त्यांनी गिळले. ज्यांनी अक्काला पाठमोरी निजवलं, त्यांनाच आज कुणीतरी वगळलं होतं. आणि सरांना एकाएकी भीतीपेक्षा राग आला. बापूसाहेबांचा नव्हे.

"हा न्याय असेल तर मलाही मान्य नाही," ते मोठ्यानं म्हणाले. माळावर आवाज लांबवर गेला. "इकडं या, बापूसाहेब. माझ्याजवळ. तिकडं तोंड करा."

"तो काय म्हनंल, सर?"

"म्हणू दे. दोघं मिळून तोंडावर सांगू."

त्यांनी बापूसाहेबांना कबरीच्या पूर्वेला, क्रुसाच्या बाजूला आणलं. त्यांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता. दोघं पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले. उन्हं आता पाठीवर होती. सावल्या पुढं, अक्काच्या कबरीवर पडायला हव्या होत्या. बापूसाहेबांनी डोळे घट्ट मिटले.

"सर... पडली का?"

सरांनी पाहिलं. चुना आता वाळून लख्ख झाला होता. त्यावर सावली एकच होती, दोघांच्या मधोमध. तिच्या हातात काठी नव्हती, डोक्यावर टोपी नव्हती. तिचे दोन्ही हात बाजूंना पसरलेले होते, कुणाच्या तरी खांद्यांवर टाकल्यासारखे. सरांच्या खांद्यावर काहीतरी जड आणि कोमट टेकलेलं होतं, आणि त्याला स्पिरिटचा वास होता. मान वळवायचा धीर त्यांना झाला नाही.

"पडली," ते म्हणाले.